शून्याची तीन मिनिटं

६ ऑगस्ट २०२१ची सकाळ अनेकांना आठवत असेल. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकीच्या मुली कांस्यपदकासाठी ग्रेट ब्रिटनशी झुंजल्या आणि ३-४ अशा हरल्या. त्यांना मैदानावर रडताना पाहून टीव्हीसमोरच्यांचेही डोळे भरून आले होते. दुपारी बजरंग पुनियाची उपांत्य फेरीची कुस्ती गेली. एका दिवसात एवढं पचवायचं असताना त्याच शहरात, निप्पोन बुदोकान नावाच्या सभागृहात काय चाललंय इकडे कुणाचं लक्ष जाणार? कराटेत भारताचं कुणी नव्हतंच.

तिथे त्या संध्याकाळी स्त्रियांच्या कुमितेची, म्हणजे कराटेतल्या समोरासमोरच्या लढतीची, ६१ किलोखालच्या गटाची अंतिम फेरी झाली. सर्बियाची योवाना प्रेकोविच आणि चीनची यिन श्याओयान. तीन मिनिटं संपली तेव्हा फलकावर शून्य-शून्य होतं. पंचांनी कौल दिला आणि सुवर्णपदक प्रेकोविचला मिळालं.

ही लढत मी बरीच उशिरा, चित्रफितीत पाहिली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तिच्यात काहीच सापडलं नाही. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या. त्यामुळे लढत म्हटलं की कुणीतरी चीतपट व्हायला हवं, हलगी वाजायला हवी, फेटे उडायला हवेत, हे मनात पक्कं बसलेलं. इथे दोघी आपल्या पुढे-मागे होताहेत, मध्येच एक झेप, एक आरोळी, पंचाचा 'यामे', म्हणजे थांबा, आणि पुन्हा आपापल्या जागी. गुण कुणालाच नाही. माझी भाची शेजारी बसली होती. ती कराटे शिकते. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "मावशी, तू हात बघतेयस. हात नको बघूस, पाय बघ."

मग आम्ही ती पुन्हा लावली आणि मी पाय पाहिले.

त्या आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद मॅटवर ती चार पावलं एक क्षणही स्थिर नसतात. अंग थोडं तिरपं, एक पाय पुढे, मागच्या पायाची टाच किंचित उचललेली आणि सतत चालणारी बारीक उसळी. वर्गात नव्याने आलेली मुलं ही उसळी नुसती नक्कल म्हणून मारतात, असं भाची सांगते. तिचं खरं काम वेगळं आहे. शरीराचं वजन एकदा का जमिनीत मुरलं, की ते उचलायला वेळ लागतो, आणि इथे वेळ म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतकाच. म्हणून वजन मुरूच द्यायचं नाही. आपल्या कुस्तीत पैलवान हाताला हात देऊन खडाखडी करतात, जोर आजमावतात. इथे स्पर्शाशिवायची खडाखडी चाललेली असते. समोरचीचा जोर तिच्या पावलांवरून ओळखायचा.

दोघींमधल्या अंतराला जपानीत माआई म्हणतात. एका झेपेत जिथे पोचता येतं त्याच्या केसभर अलीकडे-पलीकडे सगळा खेळ. केसभर आत गेलं की आपणही तिच्या टप्प्यात येतो, केसभर बाहेर राहिलं तर आपला वार हवेत जातो. एक बोटभर पुढे आली की दुसरी बोटभर मागे, ती थांबली की हीही थांबते. हे पाहताना मला आजी आणि आई आठवल्या. नऊवारी लुगडं धुतलं की दोघी त्याची दोन टोकं धरून उभ्या राहायच्या, पीळ द्यायच्या, झटकायच्या, घडी घालायच्या. एक पुढे आली की लुगड्याला झोळ पडायचा, लगेच दुसरी अर्धं पाऊल मागे सरकून तो ताणून घ्यायची. बोलणं भलत्याच विषयावर चाललेलं असायचं, पण हाताला ताण कळायचा. प्रेकोविच आणि यिन यांच्या मध्ये तसंच एक न दिसणारं लुगडं ताणलेलं आहे, असं एकदा मनात आलं आणि मग मला ते दिसायलाच लागलं. झोळ कुठे पडतो, कोण पाडतं, कोण मुद्दाम पाडल्याचं सोंग करतं. ही सोंगंच जास्त. आपल्या खो-खोत, कबड्डीत जिला हूल देणं म्हणतात ती इथे पावलागणिक आहे. खांदा हलतो, पाऊल हलत नाही. पाऊल पडतं, पण वजन मागेच राहतं. समोरचीने हुलीला उत्तर दिलं की ती उघडी पडली. नाही दिलं, आणि हूल खरी निघाली, तरी ती उघडी पडली.

ठोसा कसा तयार होतो हेही भाचीनेच दाखवलं. मागच्या हाताचा सरळ ठोसा, ग्याकु-झुकी. मला वाटायचं तो खांद्यातून येतो. तिने मला समोर उभं केलं आणि सावकाश करून दाखवला. आधी मागची टाच जमिनीत रुतली, मग गुडघा, मग कंबर वळली, कमरेने खांदा ओढला आणि सगळ्यात शेवटी मूठ निघाली. मग तोच तिने वेगात मारला. माझ्या नाकाला वारा लागला, तिच्या बाहीचा फट्ट आवाज कानाशी आला आणि मूठ नाकापासून बोटभर अंतरावर थांबलेली होती. मी श्वास सोडला तेव्हा तिची मूठ कधीच कमरेशी परत गेली होती. नजर मात्र माझ्यावरच होती.

त्या थांबण्याला कुमितेत गुण आहे. चेहऱ्याकडे जाणारा ठोसा पूर्ण जोराने निघायला हवा आणि इजा न करता आटोपायला हवा. जास्त लागला तर मारणारीलाच ताकीद. मोजदाद सोपी आहे. ठोशाला एक गुण, पोटा-पाठीवरच्या लाथेला दोन, डोक्याकडे नेलेल्या लाथेला किंवा समोरचीला खाली पाडून वर केलेल्या वाराला तीन. पण ठोसा पोचला एवढ्यावर गुण मिळत नाही. त्याची ठेवण, जोर, वेळ, अंतर आणि मारणारीची वृत्ती हे सगळं नीट असायला लागतं, आणि या सगळ्यांबरोबर आणखी एक कसोटी असते, झानशिन. शब्दशः अर्थ 'उरलेलं मन'. वार करून झाल्यावरही लक्ष सुटता कामा नये. ठोसा बसला म्हणून पाठ फिरवून हात उंचावलात, तर तो ठोसा फुकट जाऊ शकतो. मराठीत याला मी अवधान म्हणेन. कीर्तनकार श्रोत्यांकडे मागतात तेच अवधान, फक्त इथे ते वार केल्यानंतर मागितलं जातं. भाचीची मूठ परत गेल्यावरही माझ्यावर खिळलेली ती नजर म्हणजे झानशिन होती, हे मला मागाहून उमगलं.

चार कोपऱ्यांत चार पंच, प्रत्येकाच्या हातात एक लाल आणि एक निळा झेंडा. मॅटवर एक मुख्य पंच. कमीत कमी दोन झेंडे एका रंगाचे वर गेले तर गुण. खेळाडूंचा काळा पट्टाही इथे उतरतो. एकीच्या कमरेला लाल, दुसरीच्या निळा. इतक्या वर्षांची कमाई बाजूला ठेवून नुसत्या रंगाने उभं राहायचं, ही गोष्ट मला फार आवडते.

मग त्या तीन मिनिटांत झेंड्यांची ही जोडी एकदाही का जुळली नाही?

एक कारण नियमात आहे. पहिला निर्विवाद गुण जिला मिळतो तिला सेन्शु मिळतो, पहिलेपणाचा मान. पुढे गुण समान झाले तर सेन्शु असलेली जिंकते. म्हणजे पहिल्या गुणाची किंमत एकाहून जास्त. तो मिळवायला पुढे जावं लागतं, आणि पुढे जाणं म्हणजे स्वतःला उघडं करणं. दोघींनाही हे ठाऊक असतं. नुसतं उभं राहूनही चालत नाही, लढायला जात नाही असं दिसलं तर पंच ताकीद देतात. धोका पत्करल्याशिवाय गत्यंतर नाही आणि चुकायला वाव नाही, अशा कात्रीत दोघी सापडलेल्या.

दुसरं कारण मला त्या दोघींच्या ओळखीत दिसतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये माद्रिदच्या जागतिक स्पर्धेतही याच गटाची अंतिम लढत या दोघींतच झाली होती, आणि तेव्हाही प्रेकोविचच जिंकली होती. म्हणजे तीन वर्षं एकमेकींचा अभ्यास चाललेला असणार. कुणाचं कोणतं पाऊल खरं, कुणाचा खांदा कधी खोटं बोलतो, हे दोघींना तोंडपाठ असणार. अशा दोघी समोर आल्या की एकीने वाक्य सुरू करायच्या आत दुसरी ते पुरं करते. ठोसा सुटतो तेव्हा ज्या जागेसाठी सुटला ती जागाच रिकामी झालेली असते. कबड्डीत याला रिकामी चढाई म्हणतात. फलकावर ती दिसत नाही. पण चढाईपटू निदानरेषा ओलांडून, सात जणांच्या घोळक्यात पाय घालून, दम न तुटता परत येतो, तेव्हा जाणकार त्याला 'काही झालं नाही' म्हणत नाही.

घड्याळ प्रत्येक 'यामे'ला थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ बराच लांबतो. त्या थांबण्यांमध्ये दोघींचे चेहरे जवळून दिसतात. घाम, दातांवरचं रबरी कवच, जिभेने ते सारखं करून घेणं. राग दिसत नाही. हे माझं निरीक्षण मी स्वतःशीच पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, कारण मारामारीच्या खेळात राग नसावा हे मला खरं वाटेना. आपल्या नाट्यशास्त्राने वीर आणि रौद्र हे दोन रस वेगळे ठेवले आहेत. रौद्राच्या मुळाशी क्रोध, वीराच्या मुळाशी उत्साह. शाळेत हे पाठ केलं होतं, पण फरक कळला नव्हता. सिनेमात दोन्ही एकत्रच येतात, नायक आधी संतापतो आणि मग लढतो. कुमितेत हे दोन सुटे करून ठेवलेले दिसतात. क्रोध आला की अंतर चुकतं, हात थांबत नाही, ताकीद मिळते. दुसऱ्याच दिवशी पुरुषांच्या ७५ किलोवरच्या गटात त्याच मॅटवर सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजझादेला इतकी जोरात बसली की तो बेशुद्ध पडला. हमेदी अपात्र ठरला आणि शुद्धीवर आलेला गंजझादे सुवर्णविजेता झाला. हमेदीच्या मनात क्रोध होता असं मी मुळीच म्हणणार नाही, मला तो दिसला नाही. पण जो न लागलेला ठोसा प्रेकोविच आणि यिन तीन मिनिटं जपत होत्या त्याचं मोल काय, हे मला त्या प्रसंगाने दाखवलं.

'कराटे' या शब्दाचा अर्थ 'रिकामा हात'. ओकिनावाहून १९२२ साली टोकियोला येऊन ही विद्या मुख्य जपानात रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांनी पूर्वीचं 'चिनी हात' या अर्थाचं अक्षर काढून तिथे 'रिकामा' या अर्थाचं अक्षर रूढ केलं. उच्चार तोच राहिला. आणि हे अक्षर कोणतं? बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत गेले तेव्हा 'शून्य' या आपल्या शब्दासाठी जे वापरलं गेलं, तेच. फुनाकोशींच्या मनातही हा अर्थ होता. म्हणजे बुदोकानच्या फलकावर त्या संध्याकाळी जे दोन आकडे उमटले होते, ते या विद्येच्या नावातच बसलेले आहेत. हा योगायोगच, पण असा की मी तो सोडू शकले नाही. फुनाकोशींना स्पर्धा मान्य नव्हत्या. १९५७ साली ते गेले आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. गुणांसाठी लढणं त्यांना रुचलं नसतं. मात्र एकही गुण न देणारी ही लढत त्यांनी पाहिली असती तर काय म्हणाले असते, असं वाटून जातं.

आणि लढणाऱ्या स्त्रिया होत्या, याबद्दल? कराटेची पहिली जागतिक स्पर्धा १९७० मध्ये याच बुदोकानमध्ये झाली. स्त्रियांना कुमितेत उतरायला १९८२ची तैपेईची स्पर्धा उजाडावी लागली. पुढेही कितीतरी वर्षं पुरुषांची लढत तीन मिनिटांची आणि स्त्रियांची दोनच मिनिटांची होती. टोकियोत दोघांनाही तीन. प्रेकोविच-यिनच्या लढतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे तिसरं मिनिट. पहिल्या दोन मिनिटांत चपळाई पुरते. तिसऱ्यात श्वास जड होतो, उसळी जमिनीला चिकटू लागते, आणि तरीही ते लुगडं ताणलेलंच राहतं. ज्या मिनिटासाठी बायकांना एवढी वाट पाहावी लागली, ते त्या दोघींनी एकही झोळ न पडू देता भरून टाकलं.

आपल्याकडे मुलींना कराटेच्या वर्गाला घालतात ते बहुतेक वेळा 'रस्त्यात कुणी त्रास दिला तर' म्हणून. त्यामागची काळजी खोटी नाही. पण मुलीने शिकायची प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी वाईटपणाला उत्तर म्हणूनच का असावी? माझ्या भाचीला माआई आवडते, तिला तो हात थांबवण्याचा क्षण आवडतो, यात मला तिच्या सुरक्षिततेपेक्षा जास्त काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं.

टोकियोत स्त्रियांच्या कुमितेचे आणखी दोन गट होते आणि त्यांत झेंडे उडाले. ५५ किलोखालच्या गटात बल्गेरियाच्या इव्हेत गोरानोव्हाने युक्रेनच्या आंझेलिका तेर्लिउगाला ५-१ने हरवलं. ७ ऑगस्टला, म्हणजे नीरज चोप्राच्या भाल्याने आपल्याला वेड लावलं त्याच दिवशी, ६१ किलोवरच्या गटात फेरियाल अब्देलअझीझने अझरबैजानच्या इरिना झारेत्स्काला २-०ने हरवलं आणि ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती इजिप्तची पहिली स्त्री ठरली. ज्या देशात ही विद्या वाढली त्या जपानच्या मुलींना मात्र घरच्या मॅटवर कुमितेत एकही पदक मिळालं नाही. तीनही दिवस बुदोकानच्या खुर्च्या महामारीमुळे रिकाम्या होत्या. १९६४च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोसाठी बांधलेलं, जपानी युद्धकलांचं देऊळच म्हणावं असं हे अष्टकोनी सभागृह, आणि त्यात प्रेक्षक नाहीत. त्यामुळे वाराबरोबरची ती आरोळी, कियाई, छतापर्यंत जाऊन परत येताना ऐकू येते. भरल्या सभागृहात ती गर्जनेत बुडून गेली असती. पुढे पॅरिसच्या ऑलिंपिकमधून कराटे वगळलं गेलं, लॉस एंजेलिसच्या यादीतही ते नाही. ज्यांनी आयुष्यभर याची वाट पाहिली त्यांना हे एकच दार उघडलं आणि लगेच मिटलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तो कौल. गुण समान, सेन्शु कुणाकडेच नाही, म्हणून हान्तेई. चार कोपऱ्यांतले पंच आणि मुख्य पंच, प्रत्येकाचं एक मत, आणि सगळ्यांनी एकाच वेळी द्यायचं. पाहायचं काय, तर वृत्ती, लढाऊपणा आणि बळ कुणाचं जास्त. डावपेच आणि तंत्र कुणाचं सरस. पुढाकार कुणी जास्त वेळा घेतला. या तीन गोष्टी वाचल्या तेव्हा मला वाटलं, साहित्यसंमेलनातली बक्षिसं तरी याहून वेगळी कशावर ठरतात? इथे पंच रसिक होतो. मोजायचं संपलं, आता सांग तुला काय दिसलं. शिट्टी वाजते आणि झेंडे वर जातात.

हा क्षण मला पाहवत नाही आणि पाहिल्याशिवाय राहवतही नाही. तीन मिनिटं जिने एकही गुण दिला नाही ती यिन हरते. तिला कुणी हरवलं असं बोट दाखवून सांगता येत नाही. माद्रिदमध्ये प्रेकोविचकडून रौप्य, टोकियोत पुन्हा प्रेकोविचकडून रौप्य. प्रेकोविचचं सुवर्ण खरं आहे, त्यात मला शंका नाही. पण दोन लढतींच्या मधली यिनची ती वर्षं मला विसरता येत नाहीत.

परवा भाची आली तेव्हा आम्ही पुन्हा ती चित्रफीत लावली. या वेळी तिने आवाज बंद केला, मला एक लाल आणि एक निळा रुमाल दिला, स्वतः दोन घेतले आणि निकालाच्या आधी चित्र थांबवलं. म्हणाली, "डोळे मिटायचे. मी 'हान्तेई' म्हटलं की एक वर करायचा. कोण जिंकलं हे माहीत आहे ते विसरायचं, फक्त पाहिलं ते आठवायचं."

डोळे मिटले तेव्हा मला पावलंच दिसली. ती हान्तेई म्हणाली, मी हात वर केला आणि डोळे उघडले.

माझ्या हातात लाल रुमाल होता, तिच्या हातात निळा. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि चित्रफीत पहिल्यापासून लावली.